घरातला सायकल ट्रेनर : सुरुवात करताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की महाराष्ट्रातल्या सायकलस्वारांची पंचाईत होते. पहाटे अंधार, पाण्याखाली दडलेले खड्डे, घाटात शेवाळलेल्या कडा आणि मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर धुरकट वाफ. पुणे ते गोवा ही साधारण ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर शर्यत मात्र नोव्हेंबरात असते आणि ब्रेवेचा (ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकल फेऱ्यांचा) भर हंगामही पाऊस ओसरल्यावरच येतो. म्हणजे पाय तयार व्हायचे दिवस नेमके जुलै-ऑगस्टचे. त्यामुळे दरवर्षी याच सुमारास ट्रेनरबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत.

ट्रेनर म्हणजे नक्की काय? व्यायामाची सायकल घेतली तर चालणार नाही का?

ट्रेनर म्हणजे तुमची स्वतःची सायकल घरात एका जागी उभी करून चालवता येईल असा स्टँड, आणि त्यासोबत पेडलला विरोध करणारं यंत्र. सीटची उंची, हँडलची पकड, गिअर, सगळं तुमचं नेहमीचंच राहतं. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला हाच मोठा फायदा, कारण शरीराला ज्या बैठकीत तासन् तास काढायचे आहेत त्याच बैठकीत सराव होतो.

घरातले तीन-चार जण आळीपाळीने वापरणार असतील आणि कुणालाच रस्त्यावर सायकल चालवायची नसेल, तर व्यायामाची सायकल सोयीची. तिची सीट वर-खाली करायला क्षणभर पुरतो. जिममधल्या स्पिन बाइकला जड चाक असतं आणि बहुतेक मॉडेलांमध्ये पाय थांबवले तरी पेडल फिरत राहतं, एवढं ध्यानात ठेवा.

किती प्रकार असतात? मी कोणता घेऊ?

पहिला प्रकार व्हील-ऑन. मागचं चाक सायकलवरच राहतं आणि टायर एका छोट्या रोलरवर टेकतो. यात मॅग्नेटिक ट्रेनर सर्वांत स्वस्त. त्यात चुंबकामुळे विरोध तयार होतो आणि हँडलवर लावलेल्या खटक्याने तो कमी-जास्त करतात. फ्लुइड ट्रेनरमध्ये तेलात फिरणारी पाती असतात. वेग वाढवाल तसा विरोध आपोआप चढत जातो, म्हणून तो रस्त्यावरच्या वाऱ्यासारखा जाणवतो आणि आवाजही बहुधा कमी करतो.

दुसरा डायरेक्ट ड्राइव्ह. यात मागचं चाक काढून ठेवायचं आणि चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, चढवायची. टायर झिजत नाही, घसरत नाही, वॉटचा, म्हणजे पेडलवर किती ताकद लावता त्याचा, आकडा भरवशाचा मिळतो. बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर स्मार्ट असतात, म्हणजे ब्लूटूथ किंवा अँट-प्लस या बिनतारी जोडणीवरून ॲपशी बोलतात आणि पडद्यावर चढ आला की स्वतःच जड होतात. किंमत मात्र एखाद्या चांगल्या नव्या सायकलीएवढी असते.

तिसरा प्रकार रोलर्स. तीन दंडगोलांवर सायकल मोकळी ठेवून तोल सांभाळत चालवायची. पेडलिंग गोल आणि शांत व्हायला याच्यासारखं साधन नाही, पण पहिला ट्रेनर म्हणून मी रोलर्स सुचवणार नाही. थकल्यावर तोल जातो आणि शेजारी भिंत किंवा कपाटाचा कोपरा असतो.

माझं स्पष्ट मत असं: आपण घरात सायकल चालवू की नाही याचीच खात्री नसेल, तर साधा मॅग्नेटिक किंवा फ्लुइड घ्या आणि उरलेल्या पैशातून चांगला पंखा घ्या. एक पावसाळा नियमित वापर झाला की मग डायरेक्ट ड्राइव्हचा विचार करा.

माझी सायकल ट्रेनरवर बसेल का?

खरेदीआधी सर्वांत जास्त वेळ या प्रश्नावर घालवा. दुकानात जाताना मागच्या चाकाचे फोटो दोन्ही बाजूंनी काढून न्या.

आधी बघा, मागचं चाक कशाने बसवलंय. खटका उघडून चाक निघत असेल तर ते क्विक रिलीज. अशा सायकलींसाठी व्हील-ऑन ट्रेनरसोबत लोखंडी स्क्यूअर (चाक धरून ठेवणारा बारीक दांडा) येतो, तोच वापरा. सायकलीबरोबर आलेला हलका स्क्यूअर ट्रेनरच्या जबड्यात नीट बसत नाही आणि दाबाखाली वाकू शकतो. आरपार जाणारा जाड दांडा असेल तर तो थ्रू-ॲक्सल. त्याला वेगळा ॲडॉप्टर लागतो आणि तो घेताना दांड्याची लांबी व आटे जुळावे लागतात. पान्ह्याने सोडवायचे नट असतील तर ट्रेनरसाठीचे खास नट मिळतात का ते विचारा. साधे नट जबड्यात घट्ट धरले जात नाहीत.

मग टायर. एमटीबीचा (डोंगरी सायकलीचा) गुठळ्यांचा टायर रोलरवर भयंकर आवाज करतो, थरथरतो आणि पटापट झिजतो. गुळगुळीत टायर घालावाच लागेल. चाकाचा आकारही तपासा, कारण सगळेच ट्रेनर २६ आणि २९ इंची दोन्ही चाकं घेत नाहीत.

डायरेक्ट ड्राइव्ह घेणार असाल तर कॅसेटचा प्रश्न येतो. ट्रेनरवर जितक्या गिअरची कॅसेट, तितकेच गिअर तुमच्या सायकलीच्या मागच्या चाकावर हवेत. आपल्याकडच्या बऱ्याच परवडणाऱ्या सायकलींना ७ गिअरचं आट्यांचं फ्रीव्हील (चाकावर फिरवून घट्ट बसवलेला दातेरी संच) असतं. ते ट्रेनरच्या हबवर, म्हणजे कॅसेट बसते त्या मधल्या भागावर, बसतच नाही, वेगळी कॅसेट घ्यावी लागते. ७ गिअरची कॅसेट स्पेसर (जागा भरणारी कडी) घालून ८ ते ११ गिअरच्या हबवर बसवता येते, पण हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. १२ गिअरच्या अनेक एमटीबींना हबच वेगळा लागतो.

साइड स्टँड, कॅरिअर, मडगार्ड मध्ये येत असतील तर काढावे लागतात. साइड स्टँड हमखास आडवा येतो.

कार्बन फ्रेम असेल तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ट्रेनरची परवानगी आहे का ते वाचा. काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, आणि वॉरंटी त्यावरच ठरते.

पंखा खरंच इतका महत्त्वाचा आहे का? वर सीलिंग फॅन आहेच.

लोक पहिल्या आठवड्यात ट्रेनर सोडतात ते मुख्यतः उकाड्यामुळे, म्हणून याचं उत्तर जरा लांबवतो.

आपले स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातली साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होते. तुम्ही १५० वॉटने पेडल मारत असाल तर शरीर ४५० ते ६०० वॉट उष्णता बाहेर टाकायला बघतं, म्हणजे खोलीत एक लहान इस्त्री चालू ठेवल्यासारखंच. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरचा वारा ती उचलून नेतो. घरात तो वारा नसतो. त्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. शरीर मग रक्त त्वचेकडे वळवतं, नाडी चढते आणि तेवढ्याच जोराला दुप्पट दम लागल्यासारखं वाटतं. "मी रस्त्यावर दोन तास सहज चालवतो, इथे अर्ध्या तासात मेलो" ही तक्रार इथूनच येते. तुमचे पाय कमजोर झालेले नसतात.

सीलिंग फॅनचा वारा डोक्यावर आणि पाठीवर पडतो. हवा समोरून, छातीवर आणि चेहऱ्यावर हवी. पेडेस्टल फॅन दीड-दोन मीटरवर, छातीच्या उंचीला ठेवा. दुसरा असेल तर बाजूने लावा. खिडकी उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली दमट हवा बाहेर जाईल. मुंबई-कोकणात एसी असेल तर खोली आधी गार करून घ्या, पण एसी चालू असला तरी पंखा लागतोच.

फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर आवाज जाईल का?

हवेतून जाणारा आवाज आणि जमिनीतून जाणारी थरथर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज तुमच्याच घरात त्रास देतो. खालच्यांना त्रास होतो तो थरथरीचा, आणि टाइल्सवर ती छान पसरते. ट्रेनरखाली जाड रबरी मॅट घाला. जिमच्या जमिनीवर घालतात त्या रबरी लाद्याही उत्तम काम करतात. ट्रेनर खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीजवळ, कॉलम-बीमच्या आसपास ठेवला तर थरथर कमी होते.

आणि खालच्या काकांना आधीच सांगून या. "सकाळी सहा ते पावणेसात चालवतो, त्रास झाला तर निःसंकोच सांगा" एवढं बोललं तरी सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गोष्ट जात नाही.

पहिल्या दिवशी जोडणी कशी करू?

व्हील-ऑन असेल तर टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा आणि प्रत्येक वेळी तेवढीच ठेवा, नाहीतर कालचा आणि आजचा विरोध वेगळा येईल. सायकल जबड्यात धरली की हाताने हलवून पाहा. चाक सरळ उभं राहिलं पाहिजे. रोलर टायरला एवढाच दाबा की जोरात पेडल मारल्यावर टायर घसरणार नाही. त्याहून जास्त दाबला तर टायर खातो. पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवा, नाहीतर सायकल उताराला लागल्यासारखी पुढे झुकते आणि सगळं वजन मनगटांवर येतं.

स्मार्ट ट्रेनर असेल तर दहा मिनिटं चालवून तो गरम होऊ द्या, मगच ॲपमधून कॅलिब्रेशन करा, म्हणजे वॉटचं मोजमाप जुळवून घ्या. थंड ट्रेनरवर केलेलं कॅलिब्रेशन फसवं निघतं. काही नवे ट्रेनर हे काम आपलं आपण करतात.

बसण्याआधी पाण्याची बाटली, पंचा आणि पंख्याचं बटण हाताशी ठेवा. मोबाइल शक्यतो स्टँडवर असावा.

पहिल्या महिन्यात किती वेळ चालवू?

आठवड्यातून तीन दिवस, २० ते ३० मिनिटं. एवढंच. मोह होईल, पण पहिल्या आठवड्यात तासभर चालवू नका.

सुरुवातीची पाच-सात मिनिटं हलक्या गिअरवर. मग दहा-पंधरा मिनिटं असा जोर लावा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. शेवटी पाच मिनिटं पुन्हा हलकं. पेडलची गती मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. आपल्याकडे जड गिअर लावून सावकाश चालवायची सवय फार आहे आणि गुडघे त्याची किंमत मोजतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मधल्या भागात बदल आणा: दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं हलकं, असं चार वेळा. चौथ्या आठवड्यात एखादा दिवस ४५ मिनिटांचा करा. ट्रेनरवर उतार नसतो, सिग्नल नसतो, पाय थांबवायची संधीच मिळत नाही. म्हणून इथली ४५ मिनिटं रस्त्यावरच्या तासाहून जास्तच भरतात.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच जोराचा व्यायाम सुरू करत असाल, तर आधी डॉक्टरांना भेटा. चालवताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा जबड्याकडे-हाताकडे कळ गेली तर लगेच उतरा आणि उशीर न करता वैद्यकीय मदत घ्या.

ट्रेनरवर किती किलोमीटर झाले ते कसं मोजू?

मोजू नका. साध्या ट्रेनरवर चाक किती फिरलं ते कळतं, पण हलक्या विरोधावर ४० चा वेग दिसतो आणि जड विरोधावर तेवढ्याच कष्टाला १८. त्या आकड्याचा रस्त्याशी संबंध नाही. घरात हिशेब ठेवायचा तो वेळेचा आणि जोराचा. नाडीचा पट्टा असेल तर नाडी लिहा, पॉवर दिसत असेल तर वॉट लिहा. दोन्ही नसेल तर दहापैकी किती कष्ट पडले ते वहीत टिपा. तीही खरी नोंद आहे.

एफटीपी म्हणजे काय? मला चाचणी करावी लागेल का?

साधारण तासभर टिकवता येईल अशी तुमची जास्तीत जास्त सरासरी पॉवर म्हणजे एफटीपी. तासभर मरेस्तोवर चालवायला नको म्हणून २० मिनिटं सर्व ताकदीने चालवतात आणि सरासरीचे ९५ टक्के धरतात. दुसरी पद्धत रॅम्प टेस्ट. दर मिनिटाला विरोध वाढत जातो आणि पाय थांबतात तेव्हा शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाच्या ७५ टक्के हा आकडा घेतात. नवशिक्यांना रॅम्प सोपी जाते, कारण जोर किती वाटून वापरायचा याचा अंदाज लागत नाही.

पण महिनाभर चालवल्याशिवाय चाचणी करू नका. आणि घरातला आकडा रस्त्यावरच्या आकड्यापेक्षा कमी आला तर घाबरू नका. बहुतेकांचा येतो.

ॲप लागतंच का?

नाही. घड्याळ आणि पंखा पुरतो. पण स्मार्ट ट्रेनर घेतला असेल तर ॲपमुळे वेळ बरा जातो हे खरं. झ्विफ्टवर काल्पनिक बेटावर इतरांबरोबर चालवता येतं, त्याला मासिक शुल्क आहे. मायवूश फुकट आहे, म्हणून आपल्याकडे बरेच जण तिथून सुरुवात करतात. रूवीवर खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ असतात. ही नुसती करमणूक राहिलेली नाही. जागतिक सायकलिंग संघटना यूसीआयने २०२० मध्ये ई-स्पोर्ट्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झ्विफ्टवर घेतली.

वर्कआउट चालू असताना पेडल अचानक दगडासारखं जड होतं. ट्रेनर बिघडला का?

बिघडलेला नाही, तो अर्ग मोडमध्ये आहे. या मोडमध्ये ट्रेनर ठरलेले वॉट पकडून ठेवतो. तुम्ही पाय सावकाश केले की तेवढेच वॉट काढण्यासाठी तो विरोध वाढवतो, मग पाय आणखी सावकाश होतात, विरोध आणखी चढतो आणि शेवटी पेडल जाम होतं. जोर लावून झगडू नका. क्षणभर थांबा किंवा अर्ग बंद करा, पायांची गती ९० पर्यंत न्या आणि पुन्हा सुरू करा. कठीण टप्पा येण्याआधी चार-पाच सेकंद पाय जरा जलद ठेवले तर ही वेळच येत नाही.

बूड दुखतं, हात बधिर होतात. काय करू?

रस्त्यावर सायकल आपल्या खाली थोडी हलते आणि आपण नकळत बैठक बदलतो. ट्रेनरवर सायकल जखडलेली असते, त्यामुळे वजन एकाच जागी पडत राहतं. दर आठ-दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून पंधरा-वीस सेकंद चालवा. पॅडवाली शॉर्ट घरातही घाला, आत दुसरं काही न घालता, आणि उतरल्यावर लगेच बदला. पावसाळ्यात ओल्या शॉर्टमध्ये बसून चहा प्यायला की पुरळ उठतंच. हात बधिर होत असतील तर पुढच्या चाकाची उंची आणि हँडलवरची पकड तपासा.

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. पेडल सर्वांत खाली असताना टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा, ही सुरुवातीची साधी खूण. त्यानंतरही दुखलं तर चालवणं थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पाणी आणि खाणं?

अर्ध्या तासाला एक बाटली पाणी जवळ असू द्या. तासाच्या आसपास चालवणार असाल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत घ्या, कारण घामातून मीठ जातं. सकाळी उपाशीपोटी अर्धा तास हलकं चालवायला बहुतेकांना हरकत नसते. जोराचा सराव असेल तर आधी एक केळं खा. भरपेट जेवणानंतर दोन-अडीच तास थांबा.

वजन कमी होईल का?

मदत होईल. हिशेब सोपा आहे: पेडलवर केलेलं काम जितके किलोज्यूल, जवळपास तितक्याच किलोकॅलरी शरीर खर्च करतं. १५० वॉटने तासभर म्हणजे ५४० किलोज्यूल, म्हणजे साधारण ५४० किलोकॅलरी. सुरुवातीला अर्धा तास १०० वॉटने चालवाल तर १८० च्या आसपास. उतरल्यावर दोन वडापाव खाल्ले तर त्याहून जास्त परत येतात, म्हणून ताटाकडे लक्ष हवंच.

घामाने सायकल खराब होते का?

होते, आणि हे फार कमी जण मनावर घेतात. घामातलं मीठ हेडसेट (हँडल वळतं तिथले बेअरिंग), स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट, हँडलच्या टेपखालचा दांडा आणि केबल्स आतून गंजवतं. रस्त्यावर घाम मागे उडतो, घरात थेट खाली पडतो. हँडलपासून सीटपर्यंत पंचा टाका, उतरल्यावर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा. महिन्या-दोन महिन्यांनी हँडलची टेप सोडून खाली बघा. एक्स्टेन्शन बोर्ड सायकलखाली ठेवू नका. घाम आणि वीज यांची गाठ पडायला नको.

घरात लहान मूल आहे. काही काळजी?

ही काळजी सगळ्यांत आधी घ्या. फिरत्या चाकाच्या स्पोकमध्ये, चेनमध्ये किंवा ट्रेनरच्या फ्लायव्हीलमध्ये (जड फिरत्या चाकात) बोट गेलं तर कायमची इजा होऊ शकते, आणि तुम्ही पाय थांबवले तरी फ्लायव्हील काही क्षण फिरत राहतं. चालवताना दार लावून घ्या. ओढणी, पदर, सैल पायजमा चाकाजवळ नको. विरोधाचा भाग चालवून झाल्यावर बराच तापलेला असतो, त्याला हात लागू देऊ नका. वापर नसताना सायकल उतरवून ठेवता आली तर उत्तम.

ट्रेनरवरच्या सरावाचा रस्त्यावर खरंच उपयोग होतो?

ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमन फेब्रुवारी २०१६ मध्ये शर्यतीत पडला आणि त्याचा हात मोडला. प्लास्टरमुळे रस्ता बंद, म्हणून त्याने घरात ट्रेनरवर आठवडेच्या आठवडे सराव केला. एप्रिलमध्ये तो पॅरिस-रुबे या फ्रान्समधल्या नामांकित एकदिवसीय शर्यतीत उतरला आणि अखेरच्या स्प्रिंटमध्ये बेल्जियमच्या टॉम बोनेनला मागे टाकून जिंकला, तेही वयाच्या ३७ व्या वर्षी. तो मुरलेला व्यावसायिक खेळाडू होता हे खरं, पण घरात कमावलेला दम रस्त्यावर टिकतो याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही.

मात्र तोल, वळण, ब्रेक आणि रहदारीचा अंदाज ट्रेनर शिकवत नाही. सिंहगडचा चढ चढायची ताकद घरात येईल, उतरायचं कौशल्य तिथेच जाऊन मिळवावं लागेल.

जुना ट्रेनर घेऊ का?

जरूर. हौसेने घेऊन पडून राहिलेले ट्रेनर सायकल ग्रुपवर सतत विकायला येतात. स्वतः बसून दहा मिनिटं चालवा. फ्लुइड असेल तर खाली तेलाचे डाग आहेत का बघा, रोलर हाताने फिरवून खडखड ऐका, जबडे घट्ट बसतात का तपासा. स्मार्ट असेल तर तुमच्या मोबाइलशी जोडून वॉट दिसतात याची खात्री करा आणि मूळ चार्जर मागून घ्या. वेगळ्या व्होल्टेजचा चार्जर जोडून सर्किट जाळलेले ट्रेनर बाजारात आहेत.

पाऊस संपल्यावर रस्त्यावर परत जाताना काय तपासू?

ट्रेनरसाठीचा खास कडक टायर लावला असेल तर तो काढाच. तो रस्ता धरत नाही आणि ओल्या रस्त्यावर तर अजिबात नाही. नेहमीच्याच टायरवर घरात चालवलं असेल तर मधला पट्टा सपाट झालाय का बघा. चाक पुन्हा बसवल्यावर मूळ क्विक रिलीज नीट आवळा, कारण ट्रेनरचा स्क्यूअर तसाच ठेवून लोक बाहेर पडतात. दोन-तीन महिने ब्रेकला हातही लागलेला नसतो, त्यामुळे पहिली फेरी सपाट, मोकळ्या रस्त्यावर काढा आणि घाटाकडे दुसऱ्या आठवड्यात वळा.